मान उघडी

जरबेरा लावताना त्याची मान मातीखाली जाऊ द्यायची नाही,
पहिल्या दिवशी लोमासोन्तो एवढंच म्हणाली,
आणि मी लावलेली अठराच्या अठरा रोपं उपटून
परत माझ्या ओंजळीत दिली.

बार्बर्टनच्या वरच्या अंगाला, मखोंज्वाच्या उतारावर,
ही फुलं रानची आहेत.
खडकाच्या खाचेत, शेळीच्या तोंडापासून
वीतभर दूर उगवतात,
बारीक पाकळ्यांची, विस्तवाच्या रंगाची.
"तिथं कोण जातं पाणी घालायला?" ती विचारायची,
आणि उत्तराची वाट न बघता झारी माझ्या हातात द्यायची.

पाणी सकाळचं. मुळाशी.
पानांच्या मधोमध थेंब साचलाच तर बोटानं टिपून घे,
कुजायला त्याला एक रात्र पुरते.
फुलाला कात्री लावू नकोस.
देठ अगदी बुडाशी धर, किंचित पीळ,
बाजूला झुकवून ओढ,
पोराचा हलता दात काढतात तसा.
कापलेलं थोटूक आतल्या आत सडत जातं
आणि वरून मात्र बरेच दिवस हिरवं दिसतं.

बी तळहातावर घेऊन ती फुंकर मारायची.
उडालं ते पोकळ.
राहिलं ते उभं खोचायचं, शेंडी वर.
वीस बियांत चार राहिल्या तर
त्या दिवशी तिचा आवाज चढायचा, गाणं म्हणायची.

तिचा नवरा, बाबे म्फानुखोना,
एकतीस वर्षं खाणीच्या पाळण्यातून खाली गेला
आणि एकतीस वर्षं वर आला.
मग खोकला घेऊन घरी, पायरीवर.
आमची लगबग बघत बसायचा, बोलायचा नाही.
एकदा घाईत मी एक रोप खोल दाबलं.
तो उठला. (त्याचं उठणं म्हणजे
आधी भिंत, मग काठी, मग श्वास.)
वाफ्याशी गुडघे टेकले,
दोन बोटांनी गळ्याभोवतीची माती सारली.
"याला दिसू दे," म्हणाला.
पुन्हा पायरीवर जाऊन बसायला त्याला
माझं अर्धं काम होईतो वेळ लागला.

ऑगस्टमध्ये तो गेला.
डोंगर कोरडे, जळालेल्या गवताचा वास,
चर्चच्या बायका गात होत्या.
सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली.
लोमासोन्तोनं सगळ्यांत शेवटी,
तीही मुठीतून नाही, दोन बोटांच्या चिमटीतून.

सप्टेंबरात ती एक कुंडी कडेवर घेऊन निघाली,
मी झारी घेऊन मागं.
तिनं कबरीवर मातीची लहानशी टेकडी केली
आणि रोप इतकं उंच बसवलं
की मला वाटलं, आता कलंडेल.
"फार वर झालं," मी म्हणाले.
ती हात झटकत म्हणाली,
"माती बसते गं. इथली तर फार बसते."

नोव्हेंबरात तीन कळ्या आल्या.
एक शेळीनं खाल्ली. त्यावर ती इतकी हसली
की शेजारच्या कबरीवरच्या माणसांनी वळून पाहिलं.
मी खाली वाकून चाचपलं.
जमीन चांगली चार बोटं खचली होती.
मान बरोबर तिच्या काठाला होती.