मस्कतला न पोचलेलं कोटेशन

सत्तय्या गुर्रम यांची तक्रार एवढीच:
"मेल जातंय की, पण पोचत नाही.
सोमवारी पोचलं, बुधवारी नाही.
हे काय लोडशेडिंग आहे का आता?"

अक्कलकोट रोडची एमआयडीसी,
सोळा लूमचा खडखडाट.
लॅपटॉप ठेवायला टेबल नाही,
टॉवेलचा गठ्ठा आहे:
पांढरा, जाड, हॉटेलात जाणारा.
माझ्या कोपरांना कापसाची लव चिकटते.

नव्या पॅनेलमध्ये सगळं जागच्या जागी.
नोंदी मीच भरल्या, गेल्या गुरुवारी.
पण दारावर पाटी लावून काय होतंय,
गल्लीच्या तोंडाशी कोण बसलंय ते बघावं लागतं.
काळ्या खिडकीतून मी जगाला विचारते:
गुर्रम टेक्स्टाइलचं घर कुठं?
एक सांगतो, इथं.
दुसरा सांगतो, छे, ते तिकडं.

दोन नेमसर्व्हर. एक नवा.
एक सहा वर्षांपूर्वीचा, कुणी काढलाच नाही.
ज्याला जो भेटेल, त्याचं तो ऐकतो.
साखर पेठेत पत्ता विचारावा तसं:
पानवाला डावीकडं दाखवतो,
शिलाईवाला उजवीकडं,
आणि खोटं दोघंही बोलत नसतात.

जुन्याच्या वहीत एसपीएफच्या दोन नोंदी.
आमच्या नावानं हाच बोलेल, म्हणते एक.
आमच्या नावानं तो, म्हणते दुसरी.
दोन कारभारी म्हणजे एकही नाही.
मेल तपासणाऱ्यांचा नियमच तसा आहे.
सत्तय्या म्हणतात, "घरात पण."

डीकेआयएमची चावी मधेच तुटलेली,
कुणीतरी अर्धीच चिकटवलेली.
ताण्यातला तुटका धागा
सत्तय्यांना दहा फुटांवरून दिसतो,
मला बोट ठेवूनही नाही.
इथं उलट.

"दुसरा नेमसर्व्हर का नाही बदलला?"
कळतं ते असं:
डोमेनचं खातं श्रीहरीच्या नावावर.
श्रीहरी म्हणजे धाकटा, वाटणीनंतर भिवंडीला.
चार वर्षं बोलणं नाही.
गुरुवारी पुतण्याकरवी निरोप गेला,
पहिला नंबर सांगून झाला,
दुसरा सांगायच्या आत
कुणीतरी फोन ठेवला.
कुणी, ते मी विचारत नाही.

ओटीपी श्रीहरीच्या मोबाइलवर जाणार.
पुतण्या आज परीक्षेला.
सत्तय्या हात वर करतात.
सोळा लूम एकेक करून थांबतात,
आणि एमआयडीसीत कावळे आहेत
हे मला पहिल्यांदा कळतं.

मग तेलुगू. मला त्यातलं
"तम्मुडू" तेवढं समजतं,
आणि मधे मधे आकडे, इंग्रजीत:
फोर, नाइन, नाइन, झिरो.
सहा आकड्यांना अकरा मिनिटं लागतात.
मी टाइप करते, मान वर करत नाही.

आता थांबायचं. एक दिवस.
जुनं उत्तर जगाच्या डोक्यात
शहाऐंशी हजार चारशे सेकंद राहतं,
मग आपोआप विसरलं जातं.
"एवढंच?" सत्तय्या विचारतात.
एवढंच. ज्यानं त्यानं किती वेळ लक्षात ठेवायचं
ते आधीच लिहिलेलं असतं.

शेवटची नोंद डीमार्कची.
मी तिला सांगते: आत्ता कुणाला अडवू नकोस,
नुसतं बघ, रोज कळव.
"कळवायचं कुणाला? तुमच्या पत्त्यावर?"
लूम पुन्हा सुरू झालेत.
सत्तय्या काहीतरी म्हणतात, ते खडखडाटात जातं.
"कुणाला?"
ते दोन बोटं दाखवतात.

शुक्रवारी मस्कतचं उत्तर, एका ओळीचं:
भाव जास्त आहे, तीन टक्के कमी करा.
सत्तय्यांनी ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं,
आवाज असा, की ऑर्डरच मिळाली.
"घासाघीस करतोय," म्हणाले,
"म्हणजे पोचलं."