चार आवाज

तांपेरेत, जुन्या सूतगिरणीच्या तळघरात
तूलिक्की टेबलावर ठेवते धाकट्या भावाचा गेमबॉय.
मागचं झाकण हरवलेलं, सेल चिकटपट्टीनं धरलेले.
त्याच्यात आवाज चारच,
त्यातला चौथा म्हणजे नुसती खरखर.

ड्रमवरचा इल्मारी म्हणतो,
हे पोरगं लयीला पक्कं, पण कानांनी ठार बहिरं.
मी रेंगाळलो तरी थांबत नाही,
पुढे पळालो तर हाक मारत नाही.
म्हणून एका कानात वायर खुपसून
तो त्याची टिकटिक ऐकत राहतो,
आजाऱ्याच्या उशाशी बसून श्वास मोजावेत तशी.

तिसऱ्या गाण्यात लाल दिवा मंदावला.
टिव् टिव् टि
आणि मग काहीच नाही.
मी बास थांबवून तूलिक्कीकडे बघितलं,
तिनं सेलकडे.
इल्मारीनं कुणाकडेच नाही.
काठ्या टाकून त्यानं ब्रश उचलला
आणि स्नेअरवर घासत राहिला
तीच चौथी खरखर,
तिच्या हाताला कोटाच्या खिशात
नवे सेल सापडेपर्यंत.

यंत्र उठलं ते अर्थात पहिल्या ओळीपासून,
मधलं काही घडलंच नसल्यासारखं.
आम्ही निमूट मागे गेलो,
त्याला घेऊन यायला.