कच्चे टाके

डिझेलचा वास लोकरीतून जात नाही.
व्हिनेगर लावा, तीन दिवस टे नदीच्या वाऱ्यावर टांगा,
इस्त्री फिरली की तो पुन्हा उठतो,
आणि त्याच्या मागोमाग उकडलेल्या कोबीचा, ओल्या मोज्यांचा.
डंडीच्या गोदीमागे आमच्या दुकानाला
चार वर्षं हाच वास होता.
मी तेव्हा सतराची. म्हातारा पेट्री काजं करायचा,
मी गुंड्या लावायची.

ट्रेगार्थन पहिल्यांदा आला
तेव्हा सिगारेटच्या डबीत बोटभर फीत होती,
निळी, पांढरी, निळी.
"डावीकडे, छातीवर," म्हणाला, "पण कच्चे टाके घाला."
पेट्रीने चष्म्यावरून पाहिलं.
राजाने दिलेली वस्तू, आणि कच्चे टाके?
"उसवायची वेळ आली तर कापड फाटू नये."

कोण उसवणार होतं, ते त्याने सांगितलं नाही.

पेपरात चार ओळी आल्या होत्या:
धैर्य, थंड डोकं, कर्तव्यनिष्ठा, शत्रूच्या पाण्यात.
कुठलं पाणी, ते नव्हतं. कुठला महिना, तेही नाही.
पेट्रीने त्या जपून कापल्या, कात्रीखाली ठेवल्या,
आणि गुरुवारी त्यांच्याच कडेला
कुणा दारूगुत्तेवाल्याच्या कमरेचं माप लिहिलं.

दुसऱ्या खेपेला वाटाण्याएवढं चांदीचं फूल.
तेच पदक पुन्हा मिळालं की फितीवर फूल बसवतात.
कोट माझ्या मांडीवर होता, त्याचा एकुलता एक;
दुसरा प्लिमथच्या बॉम्बमध्ये जळला.
उजवी बाही सरळ करताना बोटांना खरखर लागली.
सोनेरी पट्ट्यांच्या वर
अर्धगोलात बारीक भोकं.
कसर अशी खात नाही. कसर रांगेत बसत नाही.
मी माझाच दंड तोंडाशी नेऊन पाहिला.
दात होते ते. मध्ये एक फट.

"रफू करू?"
तो खिडकीतून ट्रामकडे बघत होता.
"नको. ते पॅस्कोचं आहे."
मग, माप सांगावं तशा आवाजात:
वर दोन जहाजं घिरट्या घालत होती. सोळा तास.
आम्ही तळाला, चिखलात, बूट काढून.
पाना पडला असता तरी संपलो असतो.
पोराच्या घशात किंकाळी आली.
मला त्याच्या तोंडात द्यायला दुसरं काही सापडलं नाही.

"माझ्या धैर्याबद्दल लिहिलंय त्यांनी," तो म्हणाला.
"मी फक्त आई गं म्हणालो नाही."

मी फूल लावलं. सांगितले तसे कच्चे टाके,
पण शेवटचे दोन पक्के घातले, मागून,
त्याला दिसणार नाहीत असे.

तिसरी फीत लाल, निळ्या काठाची. मोठा मान.
ती लंडनहून आम्हीच मागवली, त्याच्या चिठ्ठीवरून.
नोव्हेंबर गेला. डिसेंबरात दुकानासमोर बर्फ साचलं.
नौदलात बोट बुडाली असं लगेच म्हणत नाहीत.
म्हणतात, यायच्या वेळेला आली नाही,
जशी एखादी बस.

त्याच्या बहिणीने कॉर्नवॉलहून विचारलं, काही देणं राहिलंय का.
पेट्रीने वही उघडली, तीन शिलिंग पाहिले,
आणि "नाही" असं लिहिलं. आयुष्यात त्याने
कुणाचे तीन शिलिंग सोडले नव्हते.

भिंतीवर आता सगळ्यांची नावं आहेत.
ट्रेगार्थनच्या नावापुढे सहा अक्षरं.
पॅस्कोच्या पुढे मोकळी जागा,
तिथे दगड जरा जास्त गुळगुळीत वाटतो,
की मीच दर वेळी तिथे हात ठेवते म्हणून?

लाल फीत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, चिमट्यांखाली.
नातीने एकदा बाहुलीला बांधली, मी रागावले नाही.

कोट त्याच्या अंगावर होता.
लोकर कुजली असेल, चांदी काळी पडली असेल.
पण ते दोन टाके —
दोरा मेणातून ओढलेला होता. मी स्वतः ओढला होता.