बदली गाडी

चार मे ते दोन जून, शिवाजीनगर स्टेशन बंद.
लोणावळ्याची लोकल दापोडीलाच संपणार
आणि तिथून पुढची माणसं आमची.
पत्रात एवढंच होतं. खाली,
आपल्या स्तरावर नियोजन व्हावे.

एका लोकलमधून उतरतात नऊशे.
एका बसमध्ये बसतात चाळीस, उभे वीस.
"मे महिना आहे, पंधराच धरा," घारपुरे साहेब म्हणाले,
"घामालाही जागा लागते."
मी भागाकार केला. सतरा बस.
डेपो हो म्हणाला सातला,
त्यातली एक ब्रेकसाठी उघडून ठेवलेली.

मग आखूड कापडात ब्लाउज बेतावा
तशा वेळा बेतल्या.
हॅरिस पूल सहा मिनिटं.
बोपोडीचा सिग्नल चार, पहाटे दीड.
वाकडेवाडीच्या अलीकडे एक फांदी खाली आलेली,
तोडायची तर उद्यान खात्याचा कागद हवा.
तक्त्यात फांदीला रकाना नव्हता,
शेऱ्यात लिहिली.

माणसं मोजायला पहाटे दापोडीला गेले.
अंधारात फक्त चहाच्या गाडीचा स्टोव्ह
आणि माझ्या अंगठ्याखालचं मोजणीयंत्र
टक्, टक्, टक्.
एकशे बारावी बाई थांबली.
"मला मोजलंस?"
मोजलं, म्हटलं.
"तेरा वर्षं ह्याच गाडीनं येते. तू पहिली."

कान्ह्याच्या इंदूबाई असवले.
डोक्यावर पाटी, ओल्या गोणपाटात गुलाबाच्या जुड्या.
गुलटेकडीला साडेसहाच्या आत पोचायचं,
"नंतर गुलाब म्हंजे पाला, बाई.
तुमच्या बसात पाटी घेत्यात का?"

मी नियम सांगितला.
सांगताना मलाच तो ऐकू आला.

त्याच दिवशी वर्कशॉपला गेले.
सात नंबरच्या गाडीची मागची लांब सीट काढा, म्हटलं.
कादरभाई शिकलगारांनी पाना खाली ठेवला.
"ऑर्डर कुणाची?"
मोजणीतून निघाली.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले,
मग गाडीखालून नाही, मागच्या दारातून आत गेले.

पहिल्या दिवशी रंगाऱ्यानं पाटीवर 'दापोली' लिहिलं होतं.
एक गृहस्थ खिडकीशी येऊन गंभीरपणे विचारत होते,
समुद्रापर्यंत किती तिकीट.
दुसऱ्या दिवशी दोन बस एकामागे एक आल्या
आणि मग अर्धा तास काहीच नाही.
कंडक्टर पल्लवी खिलारे ओरडून ओरडून
तिसऱ्या दिवशी नुसत्या हातवाऱ्यांवर आली.
आठव्या दिवशी कुणीच तक्रार केली नाही.
मला वाटलं फोन बंद पडलाय.

खडकीच्या रस्त्यानं येणाऱ्या गाड्या
टपावर बहाव्याची फुलं घेऊन डेपोत शिरायच्या,
धुणारा पोरगा आधी ती झटकायचा,
मग पाणी मारायचा.
सात नंबरला फुलं आतही असायची,
गुलाबाच्या पाकळ्या, एखादं कढीपत्त्याचं पान,
दुधाच्या किटलीनं उमटवलेलं ओलं गोल.
मोकळ्या जागेत कुणी ना कुणी काहीतरी टेकवलेलं.
तेवढ्या जागेत दहा माणसं उभी राहिली असती.
मी ती गणितात धरली नाहीत.
साहेबांच्या लक्षात आलं असावं.
त्यांनी बेरजेवर सही केली, वाचली नाही.

तीन जूनला स्टेशन सुरू झालं.
आमच्याकडे अर्ध्या ओळीचं पत्र आलं,
बदली सेवा संपुष्टात.
आभार वगैरे नाहीत,
बदलीच्या माणसाचे कोण मानतं.

सात नंबर आता कात्रजला धावते.
मागची जागा अजून रिकामीच आहे,
परवा तिथं कुणाची तरी शिवणयंत्राची मशीन उभी होती म्हणे,
आणि शेजारी एक बोकड.
कादरभाई रोज विचारतात,
"मॅडम, त्या सीटचे चार नट?"
शोधतेय, मी म्हणते.
ड्रॉवर उघडला की ते
पेन्सिलींच्या खाली गडगडतात.