वरचा मासा

प्रश्न चौथा, गुण दहा:
किंमत कशी ठरते ते आकृतीसह स्पष्ट करा.
सराव परीक्षेचे त्रेसष्ट पेपर. एल्मिनात वीज गेलेली,
ग्लासात फोन उभा करून
त्याच्या दिव्यात मी तपासतो आहे.

साठ जणांनी तेच लिहिलंय जे मी सांगितलं होतं:
इतर परिस्थिती कायम राहिल्यास.
बावीस वर्षं हे वाक्य फळ्यावर लिहितोय,
आता खडू आपणहून वळतो.
दोन रेषा एकमेकींवर फुली मारतात
आणि फुलीच्या पोटात
बाजार शहाण्यासारखा बसून राहतो.

एकसष्टावा पेपर अराबा क्वेसनचा.
कागदाला धुरी दिलेल्या मासळीचा वास.
आकृती नाही.

लिहिते:
सर, मी मंगळवारची, म्हणून माझं नाव अराबा.
मंगळवारी आमच्या होड्या पाण्यात जात नाहीत,
समुद्राची सुट्टी असते.
पुरवठा शून्य, पण त्याला टंचाई
कुणीच म्हणत नाही.
टंचाई रात्री दिसते, लांबवर,
परक्या जहाजांच्या दिव्यांत.
आई भट्टीपाशी उभी राहून दिवे मोजते.
पाच असले तर उद्या पाटीमागे दहा सेडी जास्त.
बाबांच्या इंजिनाचं तेल उधारीचं, तेही भावात.
एफुआमावशीचा नवरा गेल्या महिन्यात गेला तो परतला नाही,
म्हणून तिला भाव नाही, ती नुसती घेऊन जाते.
आणि सौदा मिटला की आई
गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर एक मासा टाकते.
तो मासा कुठल्या रेषेवर येतो, सर?
मी वर्गात दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा घंटा झाली.

एकदाच झाली होती.
दुसऱ्यांदा मी घड्याळाकडे पाहिलं होतं.

उत्तरसूची म्हणते: व्याख्या दोन, आकृती चार, स्पष्टीकरण चार.
समुद्राच्या सुट्टीला काही नाही.
मी तीन दिले. साडेतीन केले. खोडून पुन्हा तीन,
कारण खऱ्या परीक्षेत हिचा पेपर
कुठल्या तरी लांबच्या शहरात उघडेल,
आणि तपासणाऱ्याला हा वास
नुसता डाग वाटेल.
समासात लाल शाईने लिहिलं: आकृती काढ.

शनिवारी बंदरावर गेलो.
तिची आई ओळखायला वेळ लागला नाही,
तेच कपाळ, तीच पुढे झुकून ऐकण्याची सवय.
ती साठ म्हणाली, मी पंचेचाळीस,
ती हसली आणि साठच म्हणाली.
बावन्नवर आम्ही दोघेही थोडे थोडे हरलो.
बारा मासे मोजले. वर एक टाकला.
मग माझ्याकडे नीट पाहून
आणखी एक.

एक रिवाजाचा, मी म्हटलं. हा दुसरा?
हात फडक्याला पुसत ती म्हणाली,
पोरगी सांगत होती, तुम्हाला उत्तर सापडायला
जरा वेळ लागतो. तोवर खा.

नियमाप्रमाणे दुसरा मासा
पहिल्याहून कमी रुचायला हवा होता.
मी काटे चाखत बसलो,
बायको म्हणाली, आज काय झालंय तुम्हाला?

सोमवारी अराबाने उत्तर पुन्हा लिहून आणलं.
पट्टी लावून आखलेल्या दोन रेषा,
अक्षांना नावं, छेदबिंदूला नाव,
खाली सुवाच्य अक्षरात:
इतर परिस्थिती कायम राहिल्यास.
दहापैकी नऊ. ती बाकावर जाऊन बसली,
तिने काहीच विचारलं नाही.

घंटेला अजून पंधरा मिनिटं होती.
मी कागद उलटून पाहिला.
मागे कोरा होता.
उजेडात धरून पाहिला,
मग नाकाशी नेला.
साबणाचा वास.