फिकट पिवळा

आर्कान्सामध्ये पंचाहत्तर काउंट्या.
लिटल रॉकच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बसून
मी त्यांना रंग देतो.
सरकारी काम. पगार बेताचा, कॉफी फुकट.

ईशान्येच्या कोपऱ्यात जमीन झोपेत कूस बदलते,
तिथे गडद लाल.
मिसिसिपीच्या काठाला तांबूस.
डोंगरात, जिथे बर्फाच्या ओझ्यानं तारा तुटतात, नारिंगी.
आणि वावटळींचा पट्टा, नैर्ऋत्येकडून तिरका,
कुणीतरी घाईत पुसलेल्या डागासारखा.

सूत्र सोपं आहे:
दरसालचं नुकसान, डॉलरमध्ये,
गुणिले माणसांचा दुबळेपणा,
भागिले पुन्हा उभं राहायची ताकद.
उत्तर शून्य ते शंभर.
त्यात कुणाचं नाव येत नाही,
म्हणून मला रात्री झोप येते.

टॅलो काउंटी फिकट पिवळी निघाली. सात पूर्णांक दोन.
शेजारची ब्रेशर काउंटी लाल, एक्क्याण्णव.
मध्ये एक नदी, एवढीशी,
उन्हाळ्यात गाईसुद्धा गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातात.
वावटळ काय पुलावर थांबून टोल भरते?
साहेबीण म्हणाली, जाऊन बघून ये.

युलाली क्रचफील्ड, वय एक्क्याऐंशी.
चाकांवरचं घर, चाकं केव्हाच मातीत रुतलेली,
छपरावर जुने टायर, पत्रा उडू नये म्हणून.
मी नकाशा उलगडला. तिनं चष्मा शोधला,
सापडला नाही, तशीच वाकली.
“माझं घर कुठल्या रंगात?”
फिकट पिवळ्यात, मी म्हणालो. जोखीम सगळ्यात कमी.
“लोण्याचा रंग,” ती म्हणाली, आणि हसली नाही.

मग मी समजावत बसलो, मूर्खासारखा:
ब्रेशरमध्ये मॉल आहेत, गोदामं आहेत, गोल्फचं मैदान आहे,
गारांनी एका दुपारी
मोटारींच्या शोरूमच्या चारशे काचा फुटतात.
तुमच्याकडे...
“आमच्याकडे फुटायला काय आहे,” ती म्हणाली.
तिनं ते विचारलं नव्हतं. म्हणाली होती.

दाराच्या मागे, एका खिळ्याला,
बियाण्याच्या दुकानाची चौतीस कॅलेंडरं.
गारा, कोंबडीच्या अंड्याएवढ्या.
डेलबर्टचा कोठा गेला.
गारा पुन्हा.
पाणी पायरीपर्यंत. मग पायरी गेली.
एका चौकोनात फक्त: मेव्हिस.
त्यापुढे काही नाही, सबंध एप्रिल कोरा.

आमच्या दप्तरात टॅलोच्या गारा चौतीस वर्षांत दोनदा.
कारण नोंद करणारा माणूस ब्रेशरमध्ये राहतो
आणि त्याच्या खिडकीतून ब्रेशर दिसतं.
ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं,
पण कळलेलं सांगायला एक अर्ज लागतो,
अर्जावर रकमेचा रकाना,
आणि मेव्हिसची रक्कम तिनं कधी मांडली नव्हती.

तळघर दाखव म्हणालो.
तळघर नाही. रस्त्यापलीकडे टर्लिंग्टनांकडे आहे,
सहा माणसांचं; मागच्या खेपेला चौदा होती,
दोन कुत्री, आणि कुणाचं तरी ऑक्सिजनचं नळकांडं.
उघड्यापाशी नागडं गेलं, तरी त्या रात्री कुणी मेलं नाही.
तेही कुठे लिहायचं, मला माहीत नाही.

भोंगा?
“तोही पलीकडचा,” तिनं नदीकडे हनुवटी केली.
“ब्रेशरवाल्यांनी नवा बसवलाय. छान आहे.
वारा त्यांच्याकडून इकडे असला, तर ऐकू येतो.”
आणि नसला तर?
तिनं माझा नकाशा नीट घडी करून दिला,
माझ्यापेक्षा नीट.

कॅलेंडरं मी घेऊन आलो, ती म्हणाली ने.
गेले तीन आठवडे ती माझ्या खुर्चीखाली आहेत.
साहेबीण रोज विचारते, कुठल्या रकान्यात घालणार?
टॅलो अजून फिकट पिवळी आहे.
आज दुपारी दक्षिणेकडून वारा सुटला,
इथे, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या थोड्या वाजल्या,
आणि मी पहिल्यांदा उठून पाहिलं
की नदीच्या कुठल्या काठाला
दक्षिण येते.