बाणाआड

सावद्याच्या वजनकाट्यावर, पत्र्याच्या खोलीत
मी बसते कॉम्प्युटरपुढे.
केळीचा ट्रक काट्यावर चढतो, खोली जरा हलते,
आकडा नाचतो, नाचतो, मग थिजतो:
चौदा टन तीनशे वीस.
मी पावती काढते.

पण त्याआधी, रोज सकाळी,
फडक्यानं पडदा पुसून झाला की
नजर जाते खाली, उजव्या कोपऱ्यात,
घड्याळाच्या अलीकडे, आवाजाच्या कर्ण्याशेजारी.
तिथे एक ढाल आहे.
ज्वारीच्या दाण्याएवढी.
तिच्यावर हिरवी खूण.

आधी ती दिसायची नाही.
असायची, पण बाणाआड.
वर तोंड केलेला तो बारका बाण,
टिचकी मारली की एक फडताळ उघडतं,
त्यात प्रिंटर, ब्लूटूथ, आणखी कोण कोण
दाटीवाटीनं बसलेले
आणि त्यांच्यात ही, अंग चोरून.

परसाल एक ड्रायव्हर म्हणाला,
ताई, यातली गाणी मोबाइलात टाकून द्या.
पेन ड्राइव्ह लावला. गाणी आली.
गाण्यांच्या पाठोपाठ आणखी काहीतरी आलं.
अडीच महिन्यांच्या पावत्या उघडेनात.
वायकोळे शेठ काही बोलले नाहीत.
फक्त दुपारचा चहा माझ्यापुरता सांगितला नाही,
चार दिवस.

यावलहून सलदार तडवी आला फटफटीवर,
डिकीत पेचकस आणि कळण्याची भाकर.
सगळं पुसून नव्यानं भरलं त्यानं.
म्हणाला, वेगळं विकत घेऊ नका,
राखण करणारं आतच दिलेलं असतं.
कुठे आहे?
बाणाआड.
मग बाहेर काढ.
आडूनही काम करतं, ताई. दिसलं काय, न दिसलं काय.
करत असेल, मी म्हटलं,
पण मले दिसलं पाह्यजे.

हसला तो. मग दाखवलं:
धरायचं, ओढायचं, घड्याळाशेजारी सोडायचं.
एवढंच?
एवढंच.

माझे बाबा दुसखेड्याच्या फाटकावर होते.
गाडी जाताना हिरवा झेंडा धरून उभे राहायचे,
रात्री हिरवा दिवा.
फाटक तर लावलेलंच असायचं,
रूळ जागच्या जागी,
गाडी काही त्यांच्या झेंड्यानं चालत नव्हती.
एकदा ताप होता अंगात, तरी उठले.
मी विचारलं, कशाला?
म्हणाले, मागच्या डब्यातला गार्ड पाहतो ना.
आणि खरंच, शेवटच्या डब्यातून
एक हिरवा ठिपका बाहेर यायचा,
आलराइट,
आणि केळीच्या बागांमागे विझून जायचा.

हे मी सलदारला सांगितलं नाही.
त्याला बामणोदला आणखी एक प्रिंटर बघायचा होता.

कधी ढालीवर पिवळा त्रिकोण येतो.
मग मी ट्रक थांबवते. मागचे हॉर्न देतात.
मे महिना, पत्रा तापलेला,
कॉम्प्युटरचा पंखा धापा टाकतोय,
आणि तपासणीची रेघ गोगलगायीसारखी सरकतेय.
शेठ दारातून विचारतात, काय झालं?
काही नाही. चौकशी चालू आहे.
एवढ्याशा त्रिकोणापायी?
मी उत्तर देत नाही. चहा आता रोज येतो,
तो निवतोय, तेवढं बघते.

काल लाइट गेली, आली.
कसलंसं अपडेट होऊन कॉम्प्युटर उठला
तर कोपरा रिकामा.
कर्णा होता, घड्याळ होतं, मधे काहीच नाही.
पोटात खड्डा पडला, खोटं का बोलू.
बाणावर टिचकी मारली.
होती. त्याच गर्दीत, हिरवी खूण जशीच्या तशी,
रात्रभर जागीच असणार बिचारी,
कुणी पाहत नसताना.

धरली. ओढली. घड्याळाशेजारी सोडली.

तेवढ्यात ट्रक चढला, खोली हलली.
आकडा नाचत होता तोवर
इकडे तिकडे कुणी नाही असं बघून
मी कोपऱ्याकडे
हात जरासा वर केला.